आपत्कालीन कर्जामागची सरकारी हमी कशी वाचावी: क्रेडिट स्वीसच्या उदाहरणावरून

एखादी मोठी बँक अडचणीत आली, की दोन-तीन दिवसांत तीन बातम्या लागोपाठ येतात: मध्यवर्ती बँक तिला रोख पैसा पुरवणार, सरकार त्या पैशाला हमी देणार, आणि या सगळ्याची बेरीज अमुक इतके अब्ज. तिसरी बातमी सर्वांत मोठ्या अक्षरांत छापली जाते आणि समजून घेण्यासाठी तिचाच उपयोग सर्वांत कमी होतो. बँकिंगवर लिहिणाऱ्यांना, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना, नागरी सहकारी बँकांच्या संचालकांना आणि परदेशी बँकांचे रोखे बाळगणाऱ्यांना अशी घोषणा हाती पडल्यावर ती कोणत्या क्रमाने तपासावी, हे या लेखात सांगितले आहे. उदाहरण मुख्यतः मार्च २०२३ मधील स्वित्झर्लंडचे, म्हणजे क्रेडिट स्वीस ही तेथील मोठी बँक कोसळू लागली आणि यूबीएस या दुसऱ्या स्विस बँकेने ती विकत घेतली तेव्हाचे घेतले आहे, कारण तिथे एकाच आठवड्यात मदतीचे जवळजवळ सगळे प्रकार एकापाठोपाठ एक वापरले गेले आणि त्यांचे कागद सार्वजनिक झाले.

आधी हमी कोणाला आहे ते पाहावे

बँकेच्या संकटात ‘सरकारची हमी’ हा शब्दप्रयोग किमान तीन वेगळ्या गोष्टींसाठी होतो. पहिली हमी ठेवीदाराला असते: बँक बुडाली तरी तुमचे पैसे मिळतील. सप्टेंबर २००७ मध्ये इंग्लंडमधील नॉर्दर्न रॉकच्या दारांत रांगा लागल्यानंतर १७ तारखेला तेथील अर्थमंत्री अॅलिस्टर डार्लिंग यांनी दिलेली हमी या प्रकारची होती. दुसरी हमी मध्यवर्ती बँकेला असते: तुम्ही या बँकेला दिलेले कर्ज थकले, तर तूट आम्ही भरून देऊ. तिसरी हमी अडचणीतील बँक विकत घेणाऱ्याला असते: तिच्या अमुक मालमत्तेत तोटा निघाला, तर त्यातील काही भाग आम्ही सोसू.

या लेखाचा विषय दुसरी हमी आहे. तिच्यासाठी मराठीत नवा शब्द घडवण्याची गरज नाही, कारण महाराष्ट्राच्या सहकाराला तो शब्द फार पूर्वीपासून परिचित आहे. सहकारी साखर कारखान्याच्या कर्जाला राज्य शासन जी देते ती ‘थकहमी’. कारखान्याने कर्ज फेडले, तर शासनाच्या तिजोरीतून एक रुपयाही जात नाही आणि फेडले नाही, तर धनको बँक शासनाकडे बोट दाखवते. स्विस सरकारने स्विस नॅशनल बँकेला, म्हणजे तेथील मध्यवर्ती बँकेला, दिलेली हमी स्वरूपाने हीच होती, फक्त कारखान्याच्या जागी दीडशेहून अधिक वर्षांची जुनी आंतरराष्ट्रीय बँक होती.

घोषणेतील पहिले वाक्य वाचताना ‘कोणाच्या नावे’ याचे उत्तर पेन्सिलने अधोरेखित करावे. थकहमी मध्यवर्ती बँकेच्या नावे असेल, तर तिच्यामुळे ठेवीदाराला कोणताही कायदेशीर हक्क मिळत नाही. त्याला मिळतो तो फक्त अप्रत्यक्ष दिलासा, की काउंटरवर मागेल तेव्हा रोकड असेल.

मग बेरीज उलगडावी

१९ मार्च २०२३ च्या रविवारी संध्याकाळी बर्न येथील पत्रकार परिषदेनंतर २५९ अब्ज फ्रँक हा आकडा जगभर फिरला. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी, हे ध्यानात ठेवून तो सुटा केला, की पुढील गोष्टी हाती लागतात. ५० अब्ज ही नॅशनल बँकेच्या नेहमीच्या, तारणावर मिळणाऱ्या सुविधांची रक्कम होती आणि ती उचलण्याचा मनोदय क्रेडिट स्वीसने १६ मार्चलाच जाहीर केला होता. १०० अब्ज हे ‘ईएलए प्लस’ नावाचे अतिरिक्त साहाय्य होते (ईएलए म्हणजे आपत्कालीन तरलता साहाय्य). आणखी १०० अब्जांचे तिसरे कर्ज ‘पीएलबी’ (सार्वजनिक तरलता आधार) या नावाने होते आणि सरकारची थकहमी फक्त याच कर्जाला होती. उरलेले ९ अब्ज म्हणजे विकत घेणाऱ्या यूबीएसला दिलेली नुकसानीची हमी, म्हणजे वर सांगितलेला तिसरा प्रकार. तीतही पहिल्या ५ अब्जांचा तोटा यूबीएसने स्वतः सोसायचा आणि त्यापुढे सरकारची पाळी यायची होती.

म्हणजे २५९ पैकी सरकारी तिजोरीवर जास्तीत जास्त १०९ अब्जांचे दायित्व होते आणि तेही सशर्त. प्रत्यक्षात उचल किती झाली, हा याच्यापुढचा प्रश्न. क्रेडिट स्वीसने नॅशनल बँकेकडून सर्व मिळून १६८ अब्ज फ्रँक उचलले: नेहमीच्या दोन सुविधांतून ३८ आणि १०, ईएलए प्लसमधून ५० आणि थकहमीच्या कर्जातून ७०. घोषित कमाल मर्यादा, प्रत्यक्ष उचल आणि अखेर झालेले नुकसान हे तीन आकडे वहीत तीन वेगळ्या रकान्यांत मांडावेत. ज्या बातमीत त्यांपैकी दोन एकाच वाक्यात मिसळलेले असतील, ती बाजूला ठेवून मूळ पत्रक वाचावे.

मध्यवर्ती बँकेला हमी कशाला हवी

नोटा छापण्याचा अधिकार ज्या संस्थेकडे आहे, तिला जामीन कशाला लागतो, ही शंका रास्त आहे. आपत्कालीन कर्ज देण्याचा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला शिरस्ता असा, की बँकेची मालमत्ता धड असावी, तिची अडचण फक्त रोखीची असावी, तारण चांगले घ्यावे आणि व्याज चढे लावावे. मध्यवर्ती बँक या मर्यादेत राहते तोवर तिच्या पैशाला फारसा धोका नसतो. परंतु ठेवी झपाट्याने जाऊ लागल्या, की चांगले तारण संपते आणि कर्जाची गरज उरते. त्यापुढे दिलेला प्रत्येक फ्रँक तोट्यात जाण्याची शक्यता असते आणि लोकांचा पैसा तोट्यात घालायचा की नाही, हा निर्णय निवडून आलेल्यांनी घ्यायचा असतो. थकहमी ही त्या निर्णयाची नोंद आहे. अनेक ठिकाणी कायद्याचाही अडसर असतो. युरोपीय संघाच्या कार्यपद्धतीविषयीच्या कराराचे कलम १२३ मध्यवर्ती बँकांना सरकारचा खर्च भागवण्यास मनाई करते, आणि नादार बँकेला पोसणे हे सरकारचेच काम असल्याने हमीशिवाय असे कर्ज देणे तिथे अडचणीचे ठरते.

‘शेवटी खिसा एकच’ हा युक्तिवादही तपासून घ्यावा, कारण तो सर्वत्र सारखा लागू पडत नाही. भारतात रिझर्व्ह बँक १९४९ पासून पूर्णपणे केंद्र सरकारच्या मालकीची आहे आणि तिचा अधिशेष केंद्राकडेच जातो. स्विस नॅशनल बँकेच्या वाटपयोग्य नफ्यातील किमान दोन तृतीयांश वाटा मात्र तेथील राज्यघटनेनुसार कँटनांचा, म्हणजे घटक राज्यांचा असतो. त्यामुळे क्रेडिट स्वीसला दिलेले कर्ज हमीशिवाय बुडाले असते, तर त्याची मोठी झळ कँटनांच्या अंदाजपत्रकांना बसली असती. थकहमीमुळे ती झळ संघाच्या, म्हणजे तेथील केंद्र सरकारच्या, तिजोरीकडे वळली. त्यातच २०२२ या एका वर्षात नॅशनल बँकेला सुमारे १३२ अब्ज फ्रँकांचा तोटा झाला होता आणि त्या वर्षी नफ्याचे वाटप झालेच नव्हते. हमी वाचताना नुकसान कोणाच्या खात्यावरून कोणाच्या खात्यावर सरकते, हे शोधले पाहिजे, असे मला वाटते ते यासाठी.

तारण आणि वसुलीतील क्रम

हा भाग सावकाश वाचावा, कारण हमीची खरी जोखीम इथे ठरते. प्रत्येक कर्जापुढे दोन प्रश्न लिहावेत: याला तारण काय आहे, आणि बँक बुडाली तर वसुलीच्या रांगेत हे कर्ज कितव्या जागी उभे आहे?

क्रेडिट स्वीसच्या पहिल्या कर्जाला गहाणकर्जे आणि रोखे यांचे तारण होते. तारणाच्या किमतीएवढे कर्ज कधी मिळत नाही, मध्ये काही अंतर राखले जाते. साखरेच्या पोत्यांवर उचल देताना आपल्याकडच्या बँका ज्याला ‘दुरावा’ म्हणतात तेच हे अंतर. तारण जितके संशयास्पद, तितका दुरावा मोठा. ईएलए प्लसला असे तारण नव्हते. त्याला दिवाळखोरीत इतर धनकोंच्या आधी वसूल होण्याचा विशेषाधिकार तेवढा देण्यात आला होता. पीएलबीलाही असा विशेषाधिकार होता आणि त्याच्या मागे सरकारची थकहमी होती. या तिन्हींची तुलना केली, की बातम्यांत फारशी न आलेली एक गोष्ट दिसते: नॅशनल बँकेच्या दृष्टीने सर्वांत उघडे कर्ज हमीचे ७० अब्जांचे नव्हतेच, ते तारणही नसलेले आणि सरकारी हमीही नसलेले ५० अब्जांचे होते.

थकहमी केव्हा वटते, हेही इथेच पाहावे. एक हप्ता चुकला म्हणून सरकार पैसे भरत नाही. बुडालेल्या बँकेच्या मालमत्तेतून वसुली होऊन जी तूट उरेल, तेवढीच हमीदाराच्या अंगावर येते. म्हणून १०० अब्जांची हमी म्हणजे १०० अब्जांचा संभाव्य तोटा असे समीकरण मांडणे चुकीचे आहे.

ब्रिटनचे उदाहरण ताडून पाहण्याजोगे आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने एचबीओएस आणि रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड या दोन बँकांना दिलेले आपत्कालीन कर्ज १७ ऑक्टोबरला ६१.६ अब्ज पौंडांच्या शिखराला पोहोचले. त्यापोटी १०० अब्ज पौंडांहून अधिक दर्शनी किमतीचे तारण घेतले होते, तरीही ब्रिटिश वित्त खात्याने त्यातील १८ अब्ज पौंडांपर्यंतच्या भागाला नुकसानभरपाईची हमी दिली. एवढे तारण असूनही हमी लागली, कारण त्यात गहाणकर्जे आणि व्यापारी कर्जे होती आणि त्या महिन्यात त्यांची किंमत कोणालाच धडपणे सांगता येत नव्हती. याउलट मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने उघडलेल्या बँक मुदत निधी कार्यक्रमात सरकारी आणि तत्सम रोखे बाजारभावाऐवजी दर्शनी मूल्याने तारण धरले गेले. व्याजदर वाढल्यामुळे रोख्यांच्या किमतीत पडलेली तूट अशी तारणातच झाकली जात होती, म्हणून त्या कार्यक्रमामागे अमेरिकी वित्त खात्याने २५ अब्ज डॉलरचा आधार उभा केला. आकड्यांची उजळणी करताना तारणाचे मूल्य कोणत्या भावाने धरले, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अधिकार कोणता आणि संमती कोणाची

हमी देणाऱ्याला ती देण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने मिळाला, हे पत्रकाच्या तळाशी लहान अक्षरांत लिहिलेले असते. स्वित्झर्लंडमध्ये थकहमीच्या कर्जाची रूपरेषा सरकारने मार्च २०२२ मध्ये मान्य केली होती, परंतु वर्षभराने संकट आले तेव्हा तिचा कायदा झालेला नव्हता. त्यामुळे १६ मार्च २०२३ रोजी सरकारने राज्यघटनेच्या १८४ आणि १८५ या कलमांखालील आणीबाणीचे अधिकार वापरून अध्यादेश काढला. १०९ अब्जांच्या दायित्वाला संसदेच्या वतीने सहा सदस्यांच्या वित्त शिष्टमंडळाने संमती दिली. एप्रिलमध्ये विशेष अधिवेशन भरले आणि कनिष्ठ सभागृहाने ही रक्कम दोनदा फेटाळली, पण संमती आधीच दिली गेली असल्याने या नकाराचा कायदेशीर परिणाम शून्य होता. संकटात वेळ कमी असतो हे मान्य केले, तरी रूपरेषा तयार असताना ती वर्षभर कायद्याबाहेर पडून राहावी, ही त्या देशाच्या ख्यातीला शोभणारी गोष्ट नव्हती.

ब्रिटनमधील वर सांगितलेले कर्ज तर गुप्त होते. ते जानेवारी २००९ पर्यंत फिटले आणि जनतेला त्याची माहिती नोव्हेंबर २००९ मध्ये मिळाली. गुप्ततेमागे कारण असते, कारण मदतीची बातमी फुटली की ठेवीदार धावतात आणि नॉर्दर्न रॉकचा धडा ताजा होता. तरीही वाचकाने यातून एक सवय लावून घ्यावी: हमी जाहीर झालेली नाही, याचा अर्थ ती दिलेली नाही असा घेऊ नये. अमेरिकेत २०१० च्या सुधारणेनंतर फेडरल रिझर्व्ह अधिनियमाच्या कलम १३(३) खालील प्रत्येक आपत्कालीन सुविधेला वित्तमंत्र्यांची पूर्वसंमती आवश्यक झाली, त्यामुळे तिथे हा शोध सोपा आहे.

हमीमुळे दुसरे काय घडते

रोखे बाळगणाऱ्यांनी हा भाग सोडू नये. क्रेडिट स्वीसने विकलेल्या ‘एटी-१’ नावाच्या, म्हणजे बँक अडचणीत आल्यास तोटा सोसण्यासाठीच काढलेल्या, रोख्यांच्या अटींत असे कलम होते, की बँकेला असाधारण सरकारी साहाय्य मिळाले तर ते रोखे पूर्णपणे निर्लेखित करता येतील, म्हणजे त्यांचे पैसे परत द्यावे लागणार नाहीत. १९ मार्चला संघाच्या थकहमीचे कर्ज मंजूर झाले, त्याच दिवशी नियामक फिन्माने सुमारे १६ अब्ज फ्रँकांचे हे रोखे शून्य केले आणि पुढे जे कारण दिले त्यात या थकहमीचा स्पष्ट उल्लेख होता. भागधारकांना मात्र यूबीएसच्या शेअरच्या रूपाने सुमारे ३ अब्ज फ्रँक मिळाले. बँकेला वाचवणारी हमी तिच्याच एका धनकोवर्गाचे पैसे बुडण्याचे निमित्त ठरली. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्विस संघीय प्रशासकीय न्यायालयाने फिन्माचा तो आदेश बेकायदा ठरवला. म्हणून हमीची घोषणा वाचताना बँकेच्या रोख्यांचे माहितीपत्रकही शेजारी उघडे ठेवावे आणि त्यात ‘सरकारी साहाय्य’ हे शब्द कुठे येतात ते पाहावे.

हमीदाराची ऐपत

जामीन स्वतःच कर्जात बुडालेला असेल, तर त्याची सही कितपत उपयोगाची? ग्रीसमध्ये २०१५ साली हाच पेच होता. तेथील बँका ग्रीक मध्यवर्ती बँकेच्या आपत्कालीन साहाय्यावर तगून होत्या आणि त्यापोटी दिलेल्या तारणाचा बराच भाग ग्रीक सरकारच्या रोख्यांशी किंवा हमीशी बांधलेला होता. २८ जून २०१५ रोजी युरोपीय मध्यवर्ती बँकेने साहाय्याची कमाल मर्यादा वाढवण्यास नकार दिला, दुसऱ्या दिवशी बँका उघडल्या नाहीत आणि एटीएममधून दिवसाला ६० युरोंची मर्यादा आली. ६ जुलैला त्या तारणावरील दुराव्याची फेरआखणीही झाली. सरकार आणि बँका एकमेकांच्या आधारावर उभ्या असताना हमीचा कागद कोणतीही नवी ताकद आणत नाही.

किंमत आणि मुदत

फुकट हमी ही भेट असते, म्हणून शुल्काचे कलम शोधावे. त्याचे साधारण दोन भाग असतात: हमी तयार ठेवण्याबद्दल पूर्ण मर्यादेवर आकारलेले शुल्क आणि उचललेल्या रकमेवरील जोखमीचे अधिमूल्य. क्रेडिट स्वीसचे थकहमीचे कर्ज मे २०२३ अखेर पूर्ण फिटले. ईएलए प्लसची फेड १० ऑगस्टला संपली आणि ११ ऑगस्टला यूबीएसने ९ अब्जांची नुकसानीची हमीही स्वतःहून सोडून दिली. सरकारचे नुकसान झाले नाही, उलट हमींच्या शुल्कातून सुमारे २० कोटी फ्रँक जमा झाले. या आकड्याने भारावून जाऊ नये. पाच महिने १०९ अब्जांचा धोका पेलण्याचा हा मोबदला होता आणि धोका खरा ठरला नाही म्हणून तो नव्हताच असे होत नाही.

भारतीय कागदांवर हीच पद्धत

केंद्र सरकारला हमी देण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम २९२ ने आणि राज्यांना कलम २९३ ने मिळतो. रिझर्व्ह बँकेच्या कर्जामागे केंद्राची हमी उभी राहिल्याचे अलीकडचे ठळक उदाहरण बँकांचे नसून बँकेतर वित्तीय कंपन्यांचे आहे. मे २०२० मध्ये जाहीर झालेल्या ३०,००० कोटी रुपयांच्या विशेष तरलता योजनेत एक न्यास स्थापन करण्यात आला. तो सरकारची हमी असलेले रोखे काढी, रिझर्व्ह बँक ते विकत घेई आणि त्या पैशातून वित्तीय व गृहवित्त कंपन्यांचे अल्पमुदतीचे कागद विकत घेतले जात. मंत्रिमंडळाच्या टिपणीत सरकारवरील थेट भार ५ कोटी रुपये दाखवला होता आणि हमी वटेपर्यंत त्याहून अधिक भार नाही असे म्हटले होते. ५ कोटी आणि ३०,००० कोटी हे दोन्ही आकडे खरे आहेत, आणि वर सांगितलेले रकाने आखले असतील तर ते एकमेकांवर आपटत नाहीत.

मुंबई-पुण्यातील ठेवीदार अशा बातम्या वाचून ‘आपल्या बँकेलाही सरकारची हमी असेलच’ असे गृहीत धरतात, तेव्हा त्यांना २०१९ ची आठवण करून द्यावी लागते. त्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. ठेवीदाराचे कायदेशीर संरक्षण म्हणजे ठेव विमा. तो ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपये आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत तो मिळण्याची तरतूद आहे. मध्यवर्ती बँकेच्या कर्जामागील थकहमीशी त्याचा काहीही संबंध नाही.

केंद्राने एकूण किती हमी दिल्या आहेत, हे पाहायचे असेल तर अर्थसंकल्पासोबत येणाऱ्या प्राप्ती अर्थसंकल्पातील हमींचे विवरणपत्र उघडावे. राज्याच्या थकहमींसाठी महालेखापरीक्षकांनी तयार केलेले महाराष्ट्र शासनाचे वित्त लेखे पाहावेत. दोन्ही ठिकाणी कमाल मर्यादेपेक्षा वर्षअखेरची शिल्लक हमी आधी वाचावी, आणि त्यानंतर वर्षभरात वटवल्या गेलेल्या हमींच्या रकान्याकडे यावे.